जुन्या ट्रकचं इंजिन: बांधायचं की बदलायचं?

लांबपल्ला (धागाकर्ता)

मंडळी, इंजिनाचा विषय आहे, जाणकारांनी जरा वेळ काढून वाचा.

गाडी जुनी, पण अंगाने ठणठणीत. चासी सरळ, कुठे वेल्डिंग नाही. गिअरबॉक्स आणि क्राउनचं काम अलीकडेच झालंय. इंजिन सहा सिलिंडरचं, टर्बो आणि इंटरकूलरवालं, वेट लायनरचं (सिलिंडरच्या नळ्या सुट्या, बाहेरून पाणी फिरतं). डिझेलचा पंप मेकॅनिकल, म्हणजे कॉम्प्युटरची भानगड नाही. आजवर हेड एकदा उतरलंय, खालचं कधी उघडलेलं नाही.

तक्रारी अशा. ऑइल खातं, दोन सर्व्हिसच्या मध्ये वरून ओतावं लागतं आणि ते प्रमाण वाढत चाललंय. ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) धूर येतो, ऑइलचं झाकण काढलं तर फकफक करतं. भरलेली गाडी चढाला पूर्वी ज्या गिअरात जायची त्यात आता जात नाही. सकाळी सेल (स्टार्टर) जास्त मारावा लागतो, मग थोडा वेळ पांढुरका धूर. गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा काटा खाली बसतो, रेस दिली की उठतो.

मिस्त्री म्हणतो, फुल इंजिन बांधून टाकू. एक मित्र म्हणतो, भंगारात निघालेल्या गाडीचं चालू इंजिन बसव. तिसरा पर्याय म्हणजे जुनं देऊन कंपनीचं रीकंडिशन, म्हणजे तिथे बांधून तयार केलेलं इंजिन घ्यायचं. तिघांचंही ऐकलं की पटतं, हीच अडचण आहे. कशावरून ठरवायचं?

निळा_धूर

चालू इंजिन घ्या आणि मोकळे व्हा. बांधायला काढलं की मिस्त्री रोज सकाळी नवी यादी हातात ठेवतो. आज वॉटर पंप, उद्या ऑइल पंप, परवा कॅम. शेवटी नव्या इंजिनाएवढा खर्च होतो आणि गाडी उभी राहते ती वेगळीच.

जुनाफिटर

लांबपल्ला साहेब, तुम्ही लिहिलेल्या सगळ्या तक्रारी इंजिनाच्या आहेत हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. बांधायचं की बदलायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे झाकणातली ती फकफक, दिसलं की लोक थेट पिस्टनच्या रिंगा संपल्या म्हणतात. चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीत, हवा तीन वाटांनी शिरते. रिंगांवरून उतरते ती एक. टर्बोचं सील गेलं तर ऑइल परतीच्या पाइपातून दाब खाली येतो ती दुसरी. तिसरी कुणी बघतच नाही, ती म्हणजे ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर. त्यालाही पिस्टन आहे, रिंगा आहेत, आणि त्याला ऑइल इंजिनातूनच जातं. त्याच्या रिंगा घासल्या की हवा सरळ चेंबरमध्ये.

तपासायला सोपं आहे. हवेच्या टाक्या रिकाम्या करा, इंजिन चालू करून ब्रीदरकडे लक्ष ठेवा. टाक्या भरेपर्यंत ब्रीदर जोरात आणि भरल्यावर गव्हर्नरने कॉम्प्रेसर मोकळा सोडला की एकदम नरम पडला, तर दोषी कॉम्प्रेसर. त्याच टाक्यांच्या ड्रेनमधून ऑइल किती पडतं तेही बघून घ्या. टर्बोसाठी इनटेकचा होज काढा, आत ऑइलचं थारोळं आहे का बघा, शाफ्ट बोटाने हलवून बघा. किंचित बाजूला हलतो ते चालतं, पण पातं बॉडीला घासल्याची खूण दिसली तर टर्बो गेला. आणि सगळ्यात आधी ब्रीदरची नळी साफ करा. ती चोंदली की धडधाकट इंजिनसुद्धा सीलांमधून ऑइल ओकतं.

ऑइलच्या काट्याचं म्हणाल, तर तो काटा खरं बोलतो का? सेंडर (काट्याला दाब कळवणारा) काढून तिथे साधं मेकॅनिकल गेज लावा, इंजिन पूर्ण गरम करा, मग बोला.

लांबपल्ला

काका, कॉम्प्रेसरचं डोक्यातच आलं नव्हतं. करतो. कॉम्प्रेशन तपासायला गेज एका गॅरेजमध्ये आहे, पण तो माणूस म्हणाला की पेट्रोल गाडीचं आहे, चालेल.

जुनाफिटर

चालणार नाही. डिझेलचं इंजिन साधारण १६ ते १८ पट दाबतं. नुसत्या सेलवर फिरवलं तरी दाब २५–३० बारच्या घरात जातो, पेट्रोलचं गेज २० च्या आसपास संपतं. डिझेलचं गेज मिळवा, नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या) भोकात बसणारा अडॅप्टर तुमच्या इंजिनाचाच हवा. सगळी नोझल काढून, बॅटरी पूर्ण चार्ज करून, इंजिन गरम असताना घ्या. आकडा किती आला यापेक्षा सहा आकडे एकमेकांशी कसे जुळतात ते महत्त्वाचं. सगळे थोडे थोडे खाली असतील तर ती वयाची झीज. एकच खाली असेल तर त्या सिलिंडरची काहीतरी वेगळी कहाणी आहे.

ज्याचा आकडा कमी येईल त्याला मग लीकडाउन, म्हणजे हवा कुठून गळते ते बघायचं. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही वॉल्व्ह बंद, क्रँक फिरणार नाही असा अडवायचा आणि नोझलच्या भोकातून हवा सोडायची. कान लावा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा किंवा लायनर. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट गेलंय किंवा हेडला तडा. नुसता वॉल्व्ह निघाला तर हेड उतरवून काम भागतं, खालचं इंजिन बांधायचा प्रश्नच येत नाही.

वहीखाते

मी फिटर नाही, गाड्यांचा हिशेब ठेवतो. त्या बाजूने लिहितो.

पहिला प्रश्न इंजिनाचा नाहीच, गाडीचा आहे. ही गाडी अजून किती वर्षं पळवायची आहे? दोन वर्षांत विकणार असाल तर कंपनीचं इंजिन बसवलेलं पैशात परत मिळत नाही. घेणारा गाडीचं वय बघतो. चासी गंजलेली असती तर मी इंजिनाला हातही लावू नका म्हटलं असतं. तुमची चासी सरळ आणि बाकीचं काम झालेलं आहे, म्हणजे इंजिनावर खर्च करण्यात अर्थ आहे.

दुसरं, उभ्या गाडीचा खर्च. बहुतेक जण सुट्या भागांची यादी आणि मजुरी एवढंच धरतात. गाडी उभी असताना बुडालेली कमाई, चालूच असलेले हप्ते आणि विमा, तुटलेलं गिऱ्हाईक, हे त्याच वहीत लिहा. रीकंडिशन इंजिन महाग दिसतं ते याच कारणाने: ते तयार येतं, टेस्ट केलेलं असतं, वॉरंटी असते, आणि गाडी फार दिवस उभी राहत नाही. ज्याची एकच गाडी आहे आणि तीवरच घर आहे, त्याचं गणित दहा गाड्यावाल्यापेक्षा वेगळं निघतं.

तिसरं. रीकंडिशन घेताना जुनं इंजिन परत द्यायचं असतं आणि त्याचे पैसे वळते होतात, पण ब्लॉक आणि क्रँक शाबूत असतील तर. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला की त्या जुन्या इंजिनाची किंमत भंगाराची. म्हणून निर्णय काहीही घ्या, इंजिन चालू आहे तोवर घ्या. आणखी एक सीझन ओढू, मग बघू असं म्हणणाऱ्यांच्या हातात पुढे निवड उरत नाही.

निळा_धूर

वहीखाते, तुमच्याच हिशेबाने चालू इंजिन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात झटपट. मग विरोध कशाला?

वहीखाते

स्वस्त आहे, कारण आत काय आहे याची जोखीम विकणाऱ्याकडून तुमच्याकडे येते. हमी बहुधा "चालू करून दाखवतो" एवढीच असते.

चक्रधर

चालू इंजिनाचा अनुभव सांगतो. आमच्या एका गाडीला घेतलं. मॉडेल तेच, नंबरची सीरिजही तीच. गाडीवर चढवायला गेल्यावर कळलं की फ्लायव्हील हाउसिंग वेगळं, चेंबरचा खोलगट भाग पुढे (आमच्याला मागे हवा), आणि पंप कमी ताकदीच्या गाडीचा. आमच्या जुन्या इंजिनाचं चेंबर, पिकअप पाइप, हाउसिंग, पंप सगळं काढून त्याला लावलं. नंतर चाललं, पण "झटपट" म्हणून घेतलेल्या कामाने गाडी बांधण्याएवढीच उभी ठेवली.

घेणार असाल तर इंजिन गाडीत असतानाच चालू करून बघा, थंड इंजिनावर. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन दाखवत असतील तर परत या. ऑइल फिल्टर काढून कापून बघू द्या म्हणा. नाही म्हणाले तरी उत्तर मिळालंच.

नव्या गाड्यांचं आणखी अवघड. कॉम्प्युटर जुळला पाहिजे, इंजेक्टरचे कोड भरावे लागतात, धुराचे नियम ज्या टप्प्याचे गाडीला लागू आहेत त्याखालचं इंजिन बसवता येत नाही. आणि कुठलंही दुसरं इंजिन बसवलं की नंबर बदलतो; गाडीच्या कागदांवर नवा नंबर चढवून घेतला नाही तर पासिंगला, विम्याला आणि विकताना तीनही ठिकाणी अडकाल.

लांबपल्ला

तपासण्या झाल्या. क्रमाने लिहितो.

ब्रीदरची नळी अर्धी चोंदली होती, साफ केली. कॉम्प्रेसर ठीक आहे: टाक्या भरताना आणि भरल्यावर ब्रीदर सारखाच. टर्बोत शाफ्ट ठीक, होजमध्ये पुसटसं ऑइल. मेकॅनिकल गेजवर ऑइलचा दाब गरम आयडलला पुस्तकातल्या किमान आकड्याच्या जरासा वर, म्हणजे काटा थोडा खोटं बोलत होता, पण दाब चांगला आहे असंही नाही.

कॉम्प्रेशन, पहिल्या सिलिंडरपासून: २७, २७, २६, २०, २६, २७ बार. चौथ्याला हवा सोडली, ऑइलच्या झाकणातून जोरात फुसफुस. रेडिएटर शांत, सायलेन्सर शांत.

ऑइलचा नमुनाही लॅबमध्ये दिला होता. लोखंड आणि ॲल्युमिनियम जास्त, शिसं आणि तांबं थोडं वाढलेलं, सिलिकॉन नेहमीसारखं, सोडियम-पोटॅशियम नाही. डिझेलचा अंश मात्र मर्यादेबाहेर.

जुनाफिटर

वा, असा माणूस सल्ला मागतो तेव्हा लिहायला मजा येते.

रिपोर्ट वाचू. सिलिकॉन म्हणजे धूळ. ते वाढलेलं नाही, म्हणजे फिल्टरमधून माती शिरून इंजिन घासलेलं नाही. (ते झालं असतं तर सहाही सिलिंडर घासलेले असते आणि मी सरळ बदला म्हटलं असतं.) सोडियम-पोटॅशियम कूलंटमधून येतात, ते नाहीत, म्हणजे पाणी ऑइलमध्ये जात नाही. लोखंड लायनर-रिंगांचं, ॲल्युमिनियम पिस्टनचं. शिसं-तांबं बेअरिंगचं, ते सुरू झालंय. आणि ऑइलमध्ये डिझेल. माझा संशय चौथ्याच्या नोझलवर. ते ठिबकत असेल तर डिझेल लायनरवरचा ऑइलचा थर धुऊन टाकतं, रिंगा कोरड्या घासतात, आणि पातळ झालेलं ऑइल खाली बेअरिंग खातं. तुमच्या सगळ्या तक्रारी या एका गोष्टीतून निघू शकतात. नोझल टेस्ट बेंचवर लावा.

हे कारण सापडल्याशिवाय नवं इंजिन आणून बसवलं असतं आणि जुनीच नोझल त्यावर चढवली असती, तर काय झालं असतं ते सांगायला नको.

मायक्रोमीटर

आमचं मशीन शॉप आहे, क्रँक ग्राइंडिंग आणि ब्लॉकचं काम करतो. आतापर्यंतची चर्चा न उघडता काय कळतं याची झाली. पुढचं उघडल्यावरच कळतं, आणि खरा निर्णय तिथे होतो.

वेट लायनरचं इंजिन बांधण्यासाठीच बनवलेलं असतं. लायनर, पिस्टन, रिंगा, पिन हा सगळा सेट जुना खेचून नवा बसतो. बोअरिंगची गरज नाही. म्हणून "सिलिंडर घासलेत" हे इंजिन बदलायचं कारण होऊच शकत नाही. बदलायची वेळ दोन गोष्टींवर येते: ब्लॉक आणि क्रँक. बाकी सगळं विकत मिळतं आणि बोल्टने लागतं.

ब्लॉकमध्ये मी तीन जागा बघतो. एक, लायनर ज्या खाचेत बसतो तो कठडा. लायनरची कॉलर ब्लॉकच्या वर काही शतांश मि.मी. उभी राहिली पाहिजे, हेड तिलाच दाबून गॅस्केट धरतं. ही उंची डायल गेजने, लायनर दाबून धरून, चार ठिकाणी मोजायची. प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा, पुस्तकातून घ्या. शेजारशेजारच्या दोन लायनरमध्ये फरक पडला तर गॅस्केट तिथूनच फुटणार. कठडा खचला असेल तर कापून खाली शिम (पातळ चकती) घालता येतो, घाबरायचं कारण नाही. दोन, मेन बेअरिंगची (ज्यांत क्रँक फिरतो) सरळ रेषा. टोप्या पूर्ण टॉर्कने कसून सगळी भोकं मोजायची. इंजिन एकदा जरी जबरदस्त तापलं असेल तरी ही रेषा वाकते. लाइन बोरिंगने सुधारते, पण त्याला यंत्र आणि माणूस दोन्ही चांगले हवेत. तीन, तडे. पाण्याच्या जॅकेटपासून मेन बेअरिंगकडे जाणारा तडा दिसला तर मी ब्लॉक परत देतो, काम घेत नाही.

क्रँक ०.२५, ०.५०, ०.७५, १ मि.मी. अशा टप्प्यांत ग्राइंड होतो आणि त्या मापाची बेअरिंग मिळतात. दोन अटी. ग्राइंडिंगआधी चुंबकीय तपासणी करून तडा नाही याची खात्री करा. तडा असलेला क्रँक ग्राइंड करून चकचकीत करणं म्हणजे पैसे देऊन अपघात विकत घेणं. दुसरी, कडकपणा. इंडक्शनने कडक केलेल्या क्रँकचा थर खोल असतो, पाव मि.मी. काढल्याने बिघडत नाही. नायट्राइड केलेल्याचा थर पातळ असतो. ग्राइंड केल्यावर तो पुन्हा द्यावा लागू शकतो. तुमचा कुठला आहे ते पुस्तक सांगेल. आणि जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) कडेची गोलाई कायम ठेवून ग्राइंड झालं पाहिजे. घाईत केलेल्या कामात तिथे काटकोन राहतो आणि क्रँक नेमका तिथूनच तुटतो.

म्हणून मिस्त्रीला विचारा, "फुल इंजिन" म्हणजे नक्की काय? गाडीत ठेवून वरून हेड आणि खालून चेंबर काढून लायनर-पिस्टन-बेअरिंग बदलणं हे एक काम. इंजिन खाली उतरवून क्रँक काढणं हे वेगळं काम. पहिल्याला वेळ कमी लागतो, पण क्रँक आणि ब्लॉकची मापं नीट घेता येत नाहीत. तुमच्या रिपोर्टात शिसं-तांबं वाढलंय, तेव्हा मी उतरवूनच घेतलं असतं.

निळा_धूर

मायक्रोमीटर साहेब, "पैसे देऊन अपघात" हे वाक्य ट्रकच्या मागे लिहून घेण्यासारखं आहे.

पण माझा मुद्दा उरतोच. उघडल्यावर जर ब्लॉक बाद निघाला तर उतरवण्याची मजुरी पाण्यात ना?

मायक्रोमीटर

नाही. इंजिन बदलायचं असतं तरी ते उतरवावंच लागणार होतं. जास्तीची मजुरी फक्त उघडून मोजण्याची, आणि ती एकूण कामाच्या मानाने किरकोळ आहे. मात्र रीकंडिशनच्या बदल्यात द्यायचं असेल तर कुठला भाग हरवू नका. काही ठिकाणी ते पूर्ण जोडलेलंच मागतात, ते आधी विचारून घ्या.

वहीखाते

मग थांबायची जागा आधीच ठरवा, इंजिन उतरायच्या आत, आणि मिस्त्रीबरोबर कागदावर. ब्लॉकला तडा निघाला: थांबायचं. मेनची रेषा मर्यादेबाहेर गेली: थांबायचं. क्रँकचं शेवटचं माप ओलांडलं: नुसता क्रँक मिळतो का आणि त्यासकट बेरीज किती होते ते बघायचं. ती बेरीज रीकंडिशन इंजिनाच्या जवळ गेली तर रीकंडिशन, कारण त्याबरोबर वॉरंटी येते. हे आधी ठरलं नसेल तर अर्धं इंजिन सुटं पडलेलं असताना माणूस "आता एवढं केलंच आहे तर" म्हणत पुढे जातो. निळा_धूर म्हणतात ती रोजची नवी यादी तिथेच जन्मते.

लांबपल्ला

ठरलं. चारही ओळी कागदावर लिहिल्या, मिस्त्रीने आधी तोंड वाकडं केलं, मग स्वतःच एक ओळ वाढवली: हेडला तडा निघाला तर हेड नवं, वेल्डिंग नाही.

आता उघडल्यानंतरची हकीकत.

नोझल बेंचवर लावल्यावर चौथं उघड उघड ठिबकत होतं. दाब उघडायच्या आधीच टोकाला थेंब जमायचा आणि फवारा एका अंगाला. चौथ्या पिस्टनच्या डोक्यावर एका बाजूला धातू उडून खरबरीत झालाय, वरची रिंग दोन जागी तुटलेली. लायनरवर उभे ओरखडे, नखाला अडकतात. बाकीच्या पाच लायनरमध्ये घासल्याची पायरी आहे, पण ओरखडे नाहीत.

लायनर बाहेर काढल्यावर मात्र एक अनपेक्षित गोष्ट दिसली. दुसऱ्या आणि पाचव्या लायनरच्या बाहेरच्या बाजूला, एकाच अंगाला, उभ्या पट्ट्यात टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं. आरपार नाहीत अजून.

चक्रधर

ही भोकं गंजाची वाटतात, पण तशी नाहीत. पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्या बाजूला लायनर थरथरतो, बाहेर कूलंटमध्ये बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि प्रत्येक फुटण्याने धातूचा कण उडतो. वर्षानुवर्षं हे चाललं की भोक आरपार होऊन पाणी चेंबरमध्ये येतं. नळाचं पाणी घालून चालवलेल्या इंजिनात हे हमखास दिसतं. त्यासाठीचं रसायन असलेलं कूलंट लायनरवर थर धरतं आणि धातू वाचतो. पण त्या रसायनाचं प्रमाण कालांतराने घटतं, ते पट्टीने तपासून भरावं लागतं. तुम्ही नशीबवान, आरपार जायच्या आत उघडलंत. नवे लायनर घातल्यावर कूलंट तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला.

जुनाफिटर

आणि त्या पट्ट्यासमोर ब्लॉकच्या आतल्या बाजूला, जिथे लायनरच्या खालच्या रबरी रिंगा बसतात, तिथेही बोट फिरवून बघा. तिथे खड्डे पडले असतील तर नवी रिंगही पाणी अडवणार नाही.

लांबपल्ला

बघितलं काका, ती जागा गुळगुळीत आहे.

मशीन शॉपचा अहवाल आला. ब्लॉकला तडा नाही. मेनची रेषा मापात. लायनरचा कठडा चौथ्या आणि पाचव्याला खचलेला, कापून शिम घालतील. क्रँकला तडा नाही. मेन जर्नल मापात, नुसते पॉलिश. बिग एंडपैकी (कनेक्टिंग रॉड लागतात ते जर्नल) चौथ्याला ओरखडे आणि थोडा अंडाकार, ते ०.२५ मध्ये निघेल म्हणतात. क्रँक इंडक्शनने कडक केलेला आहे. हेड दाबाखाली तपासलं, तडा नाही. वॉल्व्हचे गाइड आणि काही सीट बदलायच्या.

कागदावरच्या एकाही ओळीला थांबावं लागलं नाही. वहीखाते यांच्या पद्धतीने बेरीज केली, उभ्या गाडीचे दिवस धरून. रीकंडिशनपेक्षा बरीच खाली आहे. बांधतोय.

फक्त एक: चौथा बिग एंड एकटाच ग्राइंड करायचा की सहाही?

मायक्रोमीटर

सहाही एकाच मापाचे करा. एकाच जर्नलचं माप वेगळं ठेवलं तर पुढच्या वेळी उघडणारा माणूस सेट मागवताना फसतो, आणि बेअरिंग सहसा सेटमध्येच येतात. कनेक्टिंग रॉडची मोठी भोकंही मोजून घ्या. चौथ्याचं बेअरिंग तापलेलं असेल तर तो रॉड अंडाकार झालेला असू शकतो. रॉडचे बोल्ट नवे. हेडचे बोल्ट ताणून कसायच्या प्रकारचे असतील तर तेही नवे, परत वापरायचे नाहीत.

जुनाफिटर

आता सगळ्यात जास्त इंजिनं जिथे दुसऱ्यांदा मरतात ते सांगतो: ऑइल कूलर. बेअरिंगचा आणि पिस्टनचा जो धातू उडाला तो ऑइलबरोबर फिरून कूलरच्या बारीक नळ्यांत बसलाय. वरवर धुऊन तो निघत नाही. ब्लॉक मात्र तुम्ही घासूनपुसून चकाचक कराल. मग पहिल्या गरम फेरीला कूलरमधली ती पूड नव्या बेअरिंगमध्ये. शक्य असेल तर कूलर नवाच घाला. नाहीतर उलट्या दिशेने, दाबाने धुवा, बाहेर पडणारं द्रव स्वच्छ येईपर्यंत. इंटरकूलरमध्ये टर्बोचं ऑइल साचलेलं असतं, तेही काढा. नाहीतर ते इंजिनात ओढलं जाईल आणि नवं इंजिन निळा धूर मारतंय म्हणून तुम्ही इथे दुसरा धागा काढाल. ऑइलच्या गॅलऱ्यांचे (ब्लॉकमधल्या वाटांचे) प्लग काढून आतून ब्रश मारा. प्लग न काढता मारलेली हवा कचरा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेते.

सहाही नोझल बेंचवर गेली का? एकच बदलू नका.

निळा_धूर

माझं नाव विनाकारण ओढलं, निषेध!

बरं, मत बदललं असं म्हणणार नाही, पण कागदावर थांबायच्या ओळी लिहायची कल्पना उचलतोय. चालू केल्यावर किती दिवस हळू चालवायचं?

जुनाफिटर

हळू चालवायचं नाहीच, हा जुना गैरसमज आहे. पहिल्यांदा चालू करण्याआधी पंपाने किंवा दाबाच्या डब्याने गॅलरीत ऑइल भरून घ्यायचं, टर्बोच्या वरच्या पाइपातही. इंधन बंद ठेवून सेलवर फिरवायचं, गेजवर दाब उठला की मगच इंधन. चालू झाल्यावर गळती बघण्यापुरतं आयडलला ठेवायचं आणि लगेच भारावर घ्यायचं. रिंगांच्या मागे वायूचा दाब गेला तरच त्या लायनरला नीट बसतात. दिवसभर आयडलला घुमवत ठेवलेल्या इंजिनाचे लायनर काचेसारखे गुळगुळीत होतात, होनिंगच्या (लायनरवर मुद्दाम मारलेल्या बारीक) रेघा भरून जातात आणि नवं इंजिन जन्मभर ऑइल खातं. मध्यम भार, गिअर बदलत, एकाच वेगाने तासन्‌तास नाही आणि इंजिन गुदमरवून चढ नाही. पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर काढा, फिल्टर कापून बघा. सुरुवातीला बारीक चमक दिसेल, ती चालते. पातळ पापुद्रे दिसले तर गाडी थांबवा.

मायक्रोमीटर

निघण्याआधी एक. ग्राइंडिंगनंतर प्रत्येक जर्नलचं माप मशीन शॉपकडून लिहून घ्या, तोंडी नको. बेअरिंग त्यानंतर मागवा. बसवताना प्लॅस्टिगेज (चेपून फट दाखवणारा मऊ धागा) ठेवून फट मोजा, पुस्तकाशी जुळली तरच पुढचा बोल्ट.

लांबपल्ला

माप लिहून घेतलंय: मेन स्टँडर्ड, बिग एंड सहाही ०.२५. तिसरा आणि चौथा असे दोन रॉड अंडाकार निघाले, ते रीसाइझ होऊन येतायत. नोझल सहाही दिली, ऑइल कूलर नवा सांगितलाय. बेअरिंगचा सेट आज मागवला.

इंटरकूलर उलटा धरला तेव्हा त्यातून बरंच काळं ऑइल निघालं, काका. टर्बोही सीलसाठी पाठवलाय.